खांद्यावरचं गोणपाट

फैजपूर, फेब्रुवारी १९८९
मंगळवार, संध्याकाळ

झोप तेवढीच झाली, फक्त उशिरा झाली, तर हात मंद का व्हावा? बी.एस्सी. होऊनही मला याचं उत्तर देता येत नाही.

शेताला वीज रात्रीच मिळते. आबा आठवडाभर केळीला पाणी देऊन पहाटे निजतात आणि दहाला उठतात. आज उठल्या उठल्या घड कापायला गेले. काकांनी खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून घड पेलला, तो डुलला, काका सरकले. आबांचा कोयता थांबेपर्यंत गोणपाट चिरलं होतं.

काका म्हणाले, "गोनपाट शिवता येते, दादा. मान नाई शिवता येत." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

घरी आल्याबरोबर, हात किती चटकन चालतो ते पाहायला मी आबांच्या उघड्या बोटांमधून लाकडी पट्टी सोडली आणि ती धरायला सांगितली. तीनदा थेट जमिनीवर पडली. संध्याकाळी पुन्हा सोडली, तर त्यांनी मधेच धरली.

"पाह्य, झाली ना झोप मही? कायले घाबरते?"

मग सकाळी काय झालं होतं? की मीच उगाच घाबरतेय? ते गोणपाट अजून दाराशी पडलंय, नजर सारखी तिथेच जाते.

उद्याही कापणी आहे, कोयता आबांच्याच हाती आणि घडाखाली काका. म्हणून मघाशी एकटीच व्यापारी शेठजींकडे गेले. घड गाडीच्या वेळेलाच कापतात, तेव्हा उद्या गाडी दुपारी चारनंतर पाठवा, असं सांगितलं.

"आबांचा निरोप आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, माझा," मी म्हणाले.