वरची कवळी

४ नोव्हेंबर

आज पुन्हा सुटली! भर पाठात. रुद्राच्या पाचव्या अध्यायात तोंड मोठं उघडावं लागतं, आणि नेमकी तिथेच वरची कवळी खाली — खट्! चारही शिष्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

उजव्या हातानं स्वर दाखवायचे आणि डाव्या अंगठ्यानं ओठाची कड दाबून कवळी सांभाळायची. हा वेदपाठ आहे की डोंबाऱ्याचा खेळ? कित्येक वर्षं हेच चाललंय.

६ नोव्हेंबर

निवेदितानं बँकेतून रजा काढली आणि मला सिगरा भागातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. "बाबा, आता बहाणे नकोत. मी छुट्टी टाकलीय." मुलगी आहे की हवालदार!

एका यंत्रात हनुवटी टेकवून उभं केलं. भीती वाटली म्हणून मनात रुद्र सुरू केला. झालं! डॉक्टर ओरडला, "गुरुजी, सिर सीधा रखिए! गर्दन में तकलीफ़ है क्या?"

तकलीफ कसली? पाठ म्हणताना माझी मान डावीकडे कलते. आमचे गुरुजी, वेणीमाधवशास्त्री, असेच म्हणत. त्यांच्याकडून आलेली ढब ती. याला काय कळणार! फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागला.

मग पडद्यावर माझी कवटी. "ऊपर की हड्डी तो बची ही नहीं, गुरुजी." दात गेले की हाड झिजत जातं म्हणे, त्यात कवळीचा दाब. वरचा जबडा पापडासारखा झालाय. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात. पण स्क्रू धरायला हाड तर हवं!

९ नोव्हेंबर

पहिला उपाय — हाडाचं चूर्ण भरून जबडा जाड करायचा, काही महिने थांबायचं, मग स्क्रू.

"चूर्ण किसका?" मी विचारलं. डॉक्टर निवेदिताकडे पाहायला लागला.

"जानवर का, गुरुजी. एकदम शुद्ध होकर आता है।"

"कौन जानवर?"

हळूच — "ज़्यादातर गाय का।"

मी उठून बाहेरच आलो. निवेदिता मागून, "बाबा, निदान चप्पल तर घाला!"

दुसरं चूर्ण मेलेल्या माणसाचं असतं. मणिकर्णिकेचं स्मशान इतकं जवळ असताना ते तोंडात कशाला आणू? कारखान्यात केलेलंही मिळतं, पण माझ्या जबड्याला तेवढ्यावर भागायचं नाही म्हणतो.

१० नोव्हेंबर

निवेदिता म्हणते, "मग तुमचंच हाड घेऊ ना, कमरेचं." डॉक्टरच नको म्हणाला. साखर वाढलेली, जखम लवकर भरायची नाही. शिवाय ते हाड धरेपर्यंत कवळी लावायची नाही. म्हणजे पाठ बंद! म्हणजे मीच बंद.

११ नोव्हेंबर

काही नको. राहू दे.

१७ नोव्हेंबर

कवळी चिकटवायची पेस्ट आणलीय. थोडा वेळ टिकते, मग तोंडात नुसती खळ. आज पाठ मध्येच सोडला.

विश्वेश थांबून राहिला. नागपूरहून आलेला, माझ्याकडेच लहानाचा मोठा झाला. दात कसे पांढरेशुभ्र, एकूण एक शाबूत! संहितेच्या चाळीस अध्यायांतले तीस झालेत. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आराम करा. राहिलेलं पुढे बघू."

पुढे कधी? हे पोथीतून देता येत नाही, तोंडातूनच द्यावं लागतं. आणि माझं तोंडच नाही. दुसऱ्या कुणाकडे पाठवू? जाईल बिचारा. पण आमच्या गुरुजींचं जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं, ते माझ्यापाशी तुटेल. कुठूनच वाट नाही. फार कोंडल्यासारखं होतं. निवेदितावर उगाच खेकसलो.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरनं फोन करून बोलावलं. जबड्यात हाड नसेल तर लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवतात! लखनौचे सर्जन करतात. चूर्ण नको, कुणाचं हाड नको, दात थोड्याच दिवसांत. धोकाही सांगितला — डोळा तिथून जवळ, सायनस बिघडू शकतो, आणि नाहीच धरलं तर पुढे फारसे उपाय नाहीत. "सोच लीजिए।"

येता-जाता गाल चाचपतो. एवढंसं तर हाड आहे!

३० नोव्हेंबर

हो म्हटलं.

१९ डिसेंबर

झालं. तोंडाचा भोपळा. निवेदिता आरसा देत नाही.

२३ डिसेंबर

दात बसवले! जीभ फिरवून पाहिली. ढकलून पाहिले. हलत नाहीत! निवेदितासमोर ढसाढसा रडलो, मग तीही. पातळ खिचडी खाल्ली — डावा हात मांडीवर ठेवून! पाठ मात्र अजून काही आठवडे बंद.

१८ जानेवारी

बालाजी घाटावर पारायण. मी नुसता ऐकायला. शेजारी सीताताई, आमच्या गुरुजींची मुलगी. पुढे विश्वेश, मागे बाकीचे तिघे. आवाज खणखणीत, माना डावीकडे कललेल्या. डोळे भरून आले.

पाचवा अध्याय आला. तोंड मोठं उघडायची जागा आली — आणि विश्वेशचा डावा अंगठा वर गेला! ओठाच्या कडेला टेकला. मागच्या तिघांचेही. अगदी भक्तिभावानं! प्रत्येक वेळी, नेमक्या त्याच जागी.

नाशिकच्या एका पाहुण्यानं नंतर विचारलं, हे काय? विश्वेश अभिमानानं म्हणाला, "आमच्या गुरुजींची परंपरा आहे."

सीताताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अरे देवदत्ता, पोरांना कवळीसुद्धा शिकवलीस की! पण तुझं तरी काय वेगळं? बाबांना उजव्या कानानं ऐकू येत नसे. कुणाला कळू दिलं नाही त्यांनी. डावा कान पोरांकडे कलवायचे, आणि तू जन्मभर मान वाकडी करून बसलास!"

मला हसता आलं नाही. लाज वाटली, स्वतःची आणि त्या पोरांच्या श्रद्धेची. उद्या पहिलं काम — विश्वेशला सांगायचं, अंगठा खाली ठेव.

१९ जानेवारी

पोरं यायच्या आधी एकटाच बसलो. डॉक्टरची मनाई मोडून पाचवा अध्याय हळू आवाजात म्हणायला घेतला, मान मुद्दाम सरळ ठेवून. मध्येच अडलो. पुढचं आठवेच ना! असं कधी झालं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून — पुन्हा तिथेच.

मान कलवली. सगळं आलं.

विश्वेशला काही सांगितलं नाही.