माझा दुरुस्ती परवाना आज पाच वाजण्यापूर्वी रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
परवाना शाखा, दुसरा मजला.

अर्जदार : बंदूक व रिव्हॉल्व्हर दुरुस्तीकार, वय ७१ वर्षे.

विषय : एक रिव्हॉल्व्हर मालकाच्या हाती न जाता सरकारी शस्त्रागारात जमा व्हावे, यासाठी माझा स्वतःचा परवाना तातडीने रद्द करणे.

संदर्भ : आपल्या शाखेची गेल्या सोमवारची नोटीस (चाप हलका करून व नवी मूठ बसवून सदर रिव्हॉल्व्हर आज सायंकाळी पाचपर्यंत परत देण्याबाबत).

महोदय,

१. मी एकेचाळीस वर्षे हे काम करीत आहे. परवाना रद्द होऊ नये म्हणून विनवण्या करणारे आपल्याकडे रोज येत असतील. मी तो रद्द व्हावा म्हणून आलो आहे. कारण समजण्यासाठी कामाची थोडी माहिती लागते. सुट्टीच्या दिवशी सकाळी गल्लीतली मुले माझ्याकडे लाकूडकाम शिकायला येतात, त्यांना सांगतो तशीच ती सांगतो. आपण अधिकारी आहात, राग मानू नये.

२. चाप ओढायला जेवढा जोर लागतो, त्याला आमच्या कामात चापाचे वजन म्हणतात. ते स्प्रिंगच्या काट्याने मोजतात. सदर रिव्हॉल्व्हरच्या चापाचे वजन पाच किलो होते. अर्धी बादली पाणी एका बोटाने उचलून पाहावे, म्हणजे अंदाज येईल. मोठ्या माणसाला ते जमते, लहान मुलाला जमत नाही. हा जोर निष्काळजीपणाने राहिलेला नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. बोट चापावर गेल्यापासून गोळी सुटेपर्यंत माणसाला मन बदलायला जो अवकाश मिळतो, तो यातच असतो.

मुठीचे तसे नाही. मुठीच्या दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या असतात, त्या हाताच्या मापाने बदलता येतात. ग्राहकाने कागदावर पंजा पसरायचा आणि भोवताली पेन्सिल फिरवायची. त्या मापावरून पट्टी किती जाड, किती रुंद, ते ठरते.

३. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सदर परवानाधारक रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात आले. ते छापखाना चालवतात. माझ्या लाकूडकामाच्या वर्गात येणाऱ्या एका मुलीचे वडील म्हणून मी त्यांना आधीपासून ओळखतो. त्यांच्या दोन मागण्या होत्या. चापाचे वजन दीड किलोवर आणावे आणि अक्रोडाच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवाव्यात. पंजाचा कागद त्यांनी घरूनच आणला होता. त्यांचा स्वतःचा पंजा माझ्या दीडपट आहे आणि कागदावरचा हात लहानखुरा होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, पत्नीचा आहे, तिच्या नावेही परवाना काढायचा आहे.

मी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर माझे लक्ष त्या रेघेवरच होते. पेन्सिल सरळ उभी धरून, बोटांच्या बेचक्यात न थांबता काढलेली ती एकसंध रेघ होती. असे माप कोणी आणत नाही. बहुतेक लोक पेन्सिल तिरकी धरतात आणि हात उगाच जाड दिसतो. मला कौतुक वाटले. हे आपल्याला कोणी शिकवले, असेही मी त्यांना विचारले. ते नुसते हसले.

४. पट्ट्या तयार करायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सुट्टी होती, मुले आली. छापखानेवाल्यांच्या मुलीने बाकावरची एक पट्टी सहज उचलली. ती अकरा वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत कमी बोलते आणि सगळ्यांत नेटके काम करते. पट्टी तिच्या तळव्यात अशी बसली की तिला बोटे हलवून जागा शोधावी लागली नाही. पेन्सिल उभी धरायला तिला कोणी शिकवले होते, ते मला तेव्हा आठवले. मीच शिकवले होते.

नंतर शेजाऱ्यांकडून कळले की मुलीची आई वर्षभरापूर्वी माहेरी गेली, ती परतलेली नाही.

५. मी मुलीला खोदून काही विचारले नाही. मुलांना खोदून विचारले की ती गप्प होतात, वाट पाहिली की बोलतात. पुढच्या तीन सुट्ट्यांत तिने आपणहून मला तीन प्रश्न विचारले. पहिला, चाप ओढताना डोळे मिटले तर चालते का. दुसरा, लहान मुलांना तुरुंगात ठेवत नाहीत, हे खरे का. तिसरा तिने लाकडाला पॉलिश पेपर घासता घासता, वर न बघता विचारला, तो तिच्याच शब्दांत लिहितो :

"आजोबा, मोठे काका जिना हळूहळू उतरतात. मग नेम चुकत नाही ना?"

हे तुला कोण म्हणाले, असे मी विचारले. ती म्हणाली, "कुणाला सांगायचं नाहीये." आणि पुन्हा घासू लागली.

६. मोठे काका म्हणजे परवानाधारकाचे थोरले बंधू. ते त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. जिना एकच आहे आणि त्या घराच्या मालकीचा दोघांमधला खटला पुढच्या महिन्यात निकालाला येतो. दोघे भाऊ तीन वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

मी पोलीस चौकीत गेलो. तेथील हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पोरीच्या प्रश्नावर गुन्हा कसा नोंदवायचा, असे मलाच विचारले. मग मी थोरल्या बंधूंना जाऊन भेटलो. ते मनमोकळे हसले. "अहो मास्तर, माझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे ती. काहीतरीच काय!" माझा गैरसमज झाला, असे म्हणून त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडले. जिना खरोखर अरुंद आहे आणि गुडघे दुखत असल्याने ते एकेका पायरीवर थांबतात. आमचे बोलणे खाली ऐकू गेले असावे. दुसऱ्याच दिवशी परवानाधारक दुकानात आले आणि काम किती झाले, ते विचारून गेले. मुलगी त्यानंतर वर्गाला आली नाही.

७. म्हणून मी पुढील कृत्य केले. चापाचे वजन दीड किलोवर आणण्याऐवजी ते साडेसात किलोवर नेले. नव्या पट्ट्या करवतीने मधोमध कापल्या आणि जुन्याच परत बसवल्या. स्वतःच्या हातचे काम मी आजवर कधी मोडले नव्हते.

परवानाधारकांनी आपल्याकडे तक्रार केली. आपल्या शाखेच्या तपासनिसांनी दुकानात येऊन काट्यावर वजन मोजले, साडेसात किलो भरले आणि दुरुस्ती सदोष असल्याचा अहवाल दिला. अहवाल बरोबर आहे. मी त्यांना कारण सांगू लागलो तेव्हा त्यांनी छापील तक्ता दाखवला. विलंबाची कारणे तीनच आहेत : सुटा भाग उपलब्ध नाही, कारागीर आजारी, शस्त्र दुरुस्तीच्या पलीकडे. त्यांनी आपुलकीने सुचवले की मी आजारी आहे असे लिहावे, म्हणजे आठवडा मिळेल. तो आठवडा आज संपतो.

८. माझ्या परवान्याची अट क्रमांक नऊ अशी आहे की दुरुस्तीकाराचा परवाना रद्द झाल्यास त्याच्या ताब्यातील सर्व शस्त्रे त्याच दिवशी सरकारी शस्त्रागारात जमा करावीत आणि मालकाची नव्याने चौकशी झाल्याखेरीज ती परत देऊ नयेत. त्या चौकशीत कोणीतरी मुलीशी बोलेल. घरात आई नाही, हे कोणाच्या तरी लक्षात येईल. मला एवढेच हवे आहे.

आज सकाळी साडेदहाला मी यासाठी आपल्या कार्यालयात आलो. लिपिकांनी सांगितले की परवाना स्वेच्छेने परत करण्यास पंचेचाळीस दिवस लागतात, पण ज्यांची शस्त्रे दुकानात आहेत त्या सर्वांचे ना हरकत पत्र आणल्यास तो त्याच दिवशी रद्द होतो. इतर चौघांची पत्रे मी दुपारपर्यंत फिरून आणली. पाचवे पत्र सदर परवानाधारकांचे हवे. ते म्हणाले, रिव्हॉल्व्हर हातात मिळाले की लगेच सही करतो.

रिव्हॉल्व्हर आज त्यांच्या हाती गेले, तर वजन साडेसात किलो असल्याने काही बिघडणार नाही, असे आपणांस वाटेल. पलीकडच्या बाजारातील दुसऱ्या दुरुस्तीकाराने त्यांना तासाभरात चाप हलका करून देण्याचे कबूल केले आहे. पंजाचा कागद त्यांनी माझ्याकडून परत नेला आहे.

९. सबब स्वेच्छेने परत करण्याचा अर्ज मी मागे घेतो. त्याऐवजी अट क्रमांक बारा लागू करावी. त्या अटीप्रमाणे ग्राहकाचे शस्त्र जाणूनबुजून बिघडवणाऱ्या दुरुस्तीकाराचा परवाना आपण एका सहीने, कोणाचीही हरकत न विचारता, जागच्या जागी रद्द करू शकता. परिच्छेद सात हा माझा लेखी कबुलीजबाब समजावा. तो मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. शिक्षा काय होईल ते मी वाचले आहे. दंड किंवा सहा महिने किंवा दोन्ही. दोन्ही द्यावेत. दुकानाला सील ठोकावे. माझ्याविषयी सहानुभूती वाटल्यास ती कृपया आज वाटू नये.

१०. हा अर्ज मी आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. रिव्हॉल्व्हर माझ्या मांडीवरच्या कुलूपबंद डब्यात आहे. डाव्या हाताला परवानाधारक बसले आहेत, त्यांच्या पलीकडे मुलगी आहे. ते मधूनमधून घड्याळ पाहतात, पण घाई करीत नाहीत. शिपायांनी दोनदा सांगितले की साहेब बैठकीत आहेत.

आत्ताच मुलीने वाकून विचारले, आजोबा, एवढे काय लिहिता. मी सांगितले की दुकान बंद करतोय. ती म्हणाली, "मग मला कोण शिकवणार?"

तिच्या वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "मी शिकवतोय ना."

ती खाली बघत बसली आहे. साहेब, बैठक मधेच सोडून बाहेर यावे आणि सही करावी.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
(सही)
बंदूक दुरुस्तीकार

स्थळ : आपल्या दालनाबाहेरचा बाक
दिनांक : आजचाच
वेळ : चार वाजून बत्तीस मिनिटे

सोबत :
१) माझा मूळ परवाना
२) चार ना हरकत पत्रे (आता आवश्यक नाहीत)
३) करवतीने कापलेल्या पट्ट्यांचे चार तुकडे, पुरावा म्हणून
४) डब्याची किल्ली. ही फक्त आपल्याच हातात द्यावी, असे शिपायांना सांगितले आहे.