गुरुवारच्या गाडीने हेडफोन

देवबाग, २२ जुलै २०२५

ती. भाईकाकांस भक्तीचा शि. सा. न.

पत्र बघून हसू नका. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर चालतो, आणि हे सर्वेशला ऐकू जायला नको.

त्याचे टाके सुकले. डावा कान वरून निम्मा गेला तो गेलाच. आतला शाबूत आहे, ऐकण्यात उणं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण तो बंदरावर जात नाही. एकदा रुमाल बांधून गेला, तर कोणीतरी विचारलं म्हणे, की नव्या नवरीसारखा पदर कशाला घेतलास. त्याने त्या माणसाचं नाक फोडलं. आता त्याला कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन हवाय. जखमेवर दाबता नये, दिवसभर घालता आला पाहिजे, आणि दिसायला असा झकास, की कोणाला पट्टीची शंका येता नये. सर्वेशदादाच्या हौशी तुम्हाला माहीत आहेत.

खरी काळजी वेगळीच. मे महिन्यात तिन्हीसांजेला आपल्या होडीची, प्रखर उजेड टाकून मासे गोळा करणाऱ्या अनिशच्या दिव्यांच्या बोटीशी मारामारी झाली, तेव्हा पुरावा म्हणून त्याने खिशात फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. तेच तो दिवसभर ऐकतो. शिव्या, काचा, इंजिन, मग घाव आणि त्याची स्वतःची किंकाळी. उजेडाने डोळे दिपले होते, होडी ओढायची लोखंडी आकडी कानावर कोणी मारली ते दिसलं नाही. बोट अनिशची, म्हणजे हात अनिशचा, असं त्याने धरलंय. नारळी पुनवेला अनिश जेटीवर नारळ घेऊन येईल, तेव्हा तोच हात मनगटातून उतरवणार म्हणतो. रोज कोयता घासतो. आई रडते. आणि बाप असून दाजी त्याला अडवत नाहीत, उलट दगडावर पाणी ओतायला तेच बसतात.

रेकॉर्डिंगचं कार्ड सोबत आहे. तुमच्यासारखे कान जिल्ह्यात नाहीत. ऐका आणि हात अनिशचाच होता का ते सांगा.

माया आहे तशी राहू दे, उत्तर मात्र लवकर द्या.
तुमची भक्ती


कणकवली, २७ जुलै २०२५

चि. भक्तीस भाईकाकाचे अ. आ., आणि तुझ्या भावास कान धरून आशीर्वाद. उजवा.

अगो, नाक फोडलेल्याला माझ्यातर्फे विचार, की आता पदर कोण घेणार?

तुझ्या कामासाठी दुकानातले सगळे हेडफोन मी आळीपाळीने डोक्यावर घेऊन बसलो. गिऱ्हाइकं म्हणाली, भाई म्हातारपणी वाया गेले. कानावर टेकणारे आधीच बाजूला केले, ते जखमेला चावतील. सर्वेशला कान पोटात घेणारा पाहिजे. चामड्याची गादी दिसते राजासारखी, पण आपल्या दमट हवेत तासाभरात कानाखाली घाम सुटतो आणि महिन्यात पोपडे. कापडी गादीच बरी. पट्टी डोक्याला धरेल इतकीच, आवळेल इतकी नको. माझा चष्मा लावून तीन तास घातला, कानशिलं दुखली नाहीत.

शेवटी दोन उरले. एक काळा चकचकीत, भरदार आवाजाचा. त्यात सगळं गोड लागतं, कारण खालचा ढोल बाकीचं झाकून टाकतो. दुसरा राखाडी, हलका, दिसायला शहरी. तो काही झाकत नाही. दशावताराचे भोंगे खांद्यावर वाहत मी हा धंदा शिकलो, तेव्हापासून माझा नियम एकच आहे. घरच्या माणसाला न झाकणारा द्यावा.

तो राखाडी गुरुवारी एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो. या पत्रासोबतचा बंद लिफाफा दाजीच्या हातात दे, आजच, आणि उघडू नकोस. रेकॉर्डिंगचं उत्तर तोच देईल.

गोडी असू द्या, घरात भांडण झालं तरी.
तुझा भाईकाका


(लिफाफ्यातले)

ती. दाजीस धाकट्या भाईचा सा. न.

मोठ्या भावाला काय करावं ते सांगायची पाळी माझ्यावर आजवर आली नव्हती.

माका आयकाक इला, दाजी. काळ्या हेडफोनमध्ये इंजिनाने गिळलं होतं, राखाडीत स्वच्छ आहे. घावाच्या आधी एक शीळ आहे. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना सगळे ओरडायचे, तू एकटा दातांच्या फटीतून शीळ सोडायचास आणि मग हिसका द्यायचास. ती फट माझ्याच दगडाने पडली. मी ती शीळ विसरेन?

काय झालं ते मला समोर दिसतंय. अनिशने दिवे तुमच्या तोंडावर मारले. सर्वेश उडी टाकून त्याच्या बोटीवर गेला, ते तुला कळलंच नाही. उजेडापुढे नुसती काळी आकृती उभी दिसली, तू आकडी घातलीस आणि ओढलीस. अंधळ्या उजेडात कोणाकडूनही झालं असतं. माका त्या घावाचो राग नाय. तुझो झील दुसऱ्याचो हात तोडूक कोयतो घासता आणि तू पाणी ओततस, त्याचो राग आसा.

गुरुवारी हेडफोन येईल. तो डोक्याला लावून सर्वेशने ते रेकॉर्डिंग ऐकलं, की पहिल्या खेपेला त्याला तुझी शीळ कळेल. त्याआधी तुझ्या तोंडून आलं तर मार खाशील, पण बाप उरशील. यंत्रातून कळलं तर कोयता घरातच फिरेल. काळा पाठवून तुला वाचवता आलं असतं. मग अनिशचा हात गेला असता आणि सर्वेश तुरुंगात.

जेवत जा.
भाई


देवबाग, १० ऑगस्ट २०२५

ती. भाईकाकांस सर्वेशचा नमस्कार. दोन्ही हात जोडून, त्यातला एक अजून सुजलेला आहे.

बुधवारी मी कोयता घासत होतो. पाणी ओतता ओतता दाजींनी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि मारलं. कोयत्याने नाही, मुठीने, ते खाली बसेपर्यंत. त्यांनी हात वर केला नाही. पुढचे दोन दात पडले. आईने माझ्या पाठीत मुसळ घातलं तेव्हा थांबलो. दाजी रक्त थुंकून एवढंच म्हणाले, की आता शीळ वाजायची नाही.

दुसऱ्या दिवशी हेडफोन आला. कापसासारखा बसतो, कान दुखत नाही. पुनवेला घालूनच जेटीवर गेलो. पोरं म्हणाली, अरे तू तर हिरो झालास. अनिश नारळ घेऊन पुढ्यातून गेला तेव्हा हात शिवशिवला. दिवे त्याचेच होते, ते मी सोडलेलं नाही. पण कोयता आईकडे आहे, आणि अडवायला दाजी माझ्या अंगाला अंग लावून उभे होते.

काल त्यांनी हेडफोन मागितला. मीच त्यांच्या डोक्यावर घातला, गाद्या दोन्ही कानांवर नीट बसवल्या आणि रेकॉर्डिंग लावलं. शीळ आली तशी त्यांनी डोळे मिटले. माझी किंकाळी आली, तेव्हा त्यांचे हात कानांपर्यंत गेले. मी ते धरले, पण धरायची गरज नव्हती. त्यांनी हेडफोन काढला नाही. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाले. मी नाही लावलं.

तो काळा, झाकणारा, विकला नसेल तर आईसाठी ठेवा. तिला हल्ली दुपारीसुद्धा ती किंकाळी ऐकू येते म्हणे.

लोभ आहेच, राग निवला की लोभही पुरता कळवीन.
आपला सर्वेश