तात्पुरते शब्द

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

‘हिच्याकडे शब्दांची काही कमी नाही.’ आठवीत असताना मराठीच्या मंजुळाबाई मॅडम भर वर्गात माझ्याबद्दल हे म्हणाल्या होत्या. त्या वेळी मी बाकावर उभी होते आणि कारण थोडं वेगळं होतं. पण वाक्य ते वाक्य. तेहतीस वर्षं जपलं. आता त्याचं सोनं होणार.

आमच्या देवपूरच्या महिला गानमंडळात चौदा बायका गातात. मी गात नाही. हजेरी, गाडी, गजरे माझ्याकडे. १४ डिसेंबरला जळगावला समूहगान स्पर्धा आहे. नियम असा, की गाणं नवं हवं. चाल हितेंद्र सरांची. तीन आवाजांची मांडणीही तेच करणार. शब्द कोण लिहिणार, विचारलं तेव्हा मी हात वर केला. दुसरा हात वर आला नाही. एकमताने निवड.

पत्रिकेवर छापून येणार, गीत: पुनम बडगुजर. नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ (लग्नपत्रिका सोडून). नवऱ्याला, नीलेशला सांगितलं. म्हणाला, वा, आणि आज डब्याला काय?

५ नोव्हेंबर

सरांची चाल तयार. शब्द दोन दिवसांत हवेत म्हणाले. मी म्हटलं, एका दिवसात देते.

तोपर्यंत चाल बसवायला काहीतरी तात्पुरते शब्द लागतात. हे सगळेच संगीतकार करतात म्हणे. कोणीही काहीही म्हणा, म्हणाले. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजातल्या भिकुअक्का म्हणाल्या, मी म्हनू का? वय सदुसष्ट, मूळच्या सोनगीरच्या. डोळे मिटून लगेच अहिराणीत गायल्या:

दुपार ऊनी वावरमा
सावली कोठे शे वं माय?
तुना पदर डोकावर
आते कसानं ऊन वं माय?

दुपार आली वावरात, पण आईचा पदर डोक्यावर, मग आता कसलं ऊन, एवढाच अर्थ. सगळ्या हसल्या. सरांनी फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘शब्द तात्पुरते’. मी अंगठा दिला. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतातच.

९ नोव्हेंबर

दोन शब्द झाले. ‘हे तप्तधरे’. समाधान वाटलं. नवीन वही आणली, हार्डबाउंड.

सरांचा मेसेज, झालं का? ऐंशी टक्के, असं कळवलं.

१६ नोव्हेंबर

शिरपूरला लग्न. मग सर्दी. मग मी कामाला असते त्या लायब्ररीत स्टॉक चेकिंग. कलावंताला सवड नसते हेच खरं. मात्र शिरपूरहून येताना बसमध्ये ‘आर्त स्पंदन’ सुचलं. शेजारच्या बाईंना म्हणून दाखवलं. त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पोचलं असणार.

२३ नोव्हेंबर

गीत पूर्ण! वीस झेरॉक्स काढून वाटल्या. स्वतः वाचून दाखवलं.

हे तप्तधरे, तव अंतरीचे आर्त स्पंदन
कृषिसंस्कृतीच्या चरणी अमुचे शब्दचंदन

सगळ्यांनी झेरॉक्स उलटून मागे काय आहे ते बघितलं. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता. मग कुंदाबाई म्हणाल्या, तप्तधरे कोण हो ताई, नवीन येणार आहे का ग्रुपमध्ये?

सर म्हणाले, ओळीच्या शेवटी आठ मात्रा स्वर धरायचाय, ‘माय’वर तोंड उघडं राहतं, ‘स्पंदन’वर मिटतं. मी म्हटलं, ऐकणाऱ्याचं मन उघडतं की. सरांनी पेटीचा भाता उगाच दोनदा हलवला. भिकुअक्का म्हणाल्या, चांगलं शे वं पोरी, पन तोंडमा मावत नही. म्हणजे आशय मोठा आहे.

प्रत्यक्ष गाताना पहिल्या आवाजाने माझे शब्द म्हटले. दुसऱ्याने अर्धे माझे, अर्धे तात्पुरते. तिसरा आवाज सरळ वावरात. अठरा दिवस बायका भाकरी करताना ते रेकॉर्डिंग ऐकतायत, त्याला मी काय करणार. सरांनी टाकायलाच नको होतं.

२८ नोव्हेंबर

संकल्प: रोज सकाळी सहाला ग्रुपवर माझ्या चार ओळी टाकायच्या.

पहिल्या दिवशीचा प्रतिसाद: कुंदाबाईंकडून गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. एवढंच.

लवचीकपणा म्हणून ‘स्पंदन’चं ‘स्पंदना’ केलं. आता तोंड उघडं राहतं. कुंदाबाई म्हणाल्या, म्हणजे दोघी येणार का?

१ डिसेंबर

भाकरी थापताना ‘सावली कोठे शे’ म्हणत होते असं नीलेश म्हणाला. मी ते अभ्यासासाठी म्हणत होते. त्याचं काय? तो दाढी करताना शीळ घालतो, तीच चाल, आणि ‘माय’ आलं की ब्लेड थांबवतो.

७ डिसेंबर

समझोता झाला. पहिल्या दोन ओळी माझ्या, पुढच्या दोन तात्पुरत्या. मोठेपणा मी दाखवला.

१० डिसेंबर

पहिली ओळ माझी, पुढचं तात्पुरतं.

१२ डिसेंबर

‘हे’ माझं. म्हणजे तप्तधरेच्या आधीचं. सर म्हणाले, सुरुवातीला सूर लावायला बरं आहे, राहू दे. गाण्यात सुरुवातच तर महत्त्वाची असते.

१४ डिसेंबर, रात्री

जळगाव. मी विंगेत उभी, हातात आणि खांद्यावर मिळून चौदा पर्सेस.

पहिला आवाज घाबरला आणि ‘हे’ राहून गेलं. थेट ‘दुपार ऊनी’.

मग तिन्ही आवाज एकात एक मिसळले. वरचा विचारतोय सावली कोठे शे, मधला तेच उशिरा विचारतोय, आणि खालून अक्कांचा आवाज नुसता ‘वं माय’ धरून बसलाय, हलतच नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. विंगेत फार धूळ होती.

पहिला नंबर! निवेदक म्हणाले, गीत, पुनम बडगुजर. मला पर्सेससकट ढकललं स्टेजवर. परीक्षक बाईंनी विचारलं, कुठे सुचल्या हो या ओळी? मी म्हटलं, शेतात.

टाळ्या सगळ्यात जोरात भिकुअक्कांच्या. त्यांच्याकडे बघता आलं नाही.

१५ डिसेंबर

पेपरात नाव. ठळक. अभिनंदनाचे बेचाळीस मेसेज. नीलेशने विचारलं, कुठल्या शेतात?

शांतपणे विचार केला. मी शब्द उशिरा दिले म्हणून जागा रिकामी राहिली, जागा होती म्हणून अक्का गायल्या. म्हणजे गाणं माझ्यामुळेच झालं. हे कोणाला पटवायची गरज नाही. मला पटलं की पुरे. उद्यापर्यंत पटेल.

१७ डिसेंबर

पटलं नाही.

पहिला नंबर आला म्हणून पुढच्या, नाशिकच्या फेरीचा फॉर्म आला. गीतकाराने लिहून द्यायचंय, ‘हे शब्द माझे स्वतःचे आहेत.’ खाली सही. पेन तीनदा उघडलं. पेन खराब आहे असं लिहिणार होते, पण पेन चांगलं आहे.

अक्कांना सहज फोन केला. ते शब्द कसे सुचले, विचारलं. म्हणाल्या, सुचनं कसानं वं. लहानपणी आई कापूस वेचायला न्यायची, बांधावर एकही झाड नव्हतं. भाकरी खायला बसलं की आई पदर धरून त्यांच्या डोक्यावर वाकून उभी राहायची. स्वतः नंतर खायची. ते काय गानं शे का, म्हणाल्या, ते तर तसंच व्हतं.

मी चार वर्षांपासून आईला गॅलरीत ऊन लागतं म्हणून पडदा लावून देते म्हणतेय. तो अजून लावलेला नाही.

१९ डिसेंबर

फॉर्मवरचं माझं नाव खोडलं. एका रेघेने. मग वाचता येत होतं म्हणून आणखी दोन. वर लिहिलं, गीत: भिकुबाई. सरांना आणि परीक्षक बाईंनाही कळवलं. सर म्हणाले, मी वाटच बघत होतो.

अक्का म्हणाल्या, नाव लिसन मी काय करू वं पोरी? भाकरसंगे थोडीच खानं शे. पण फॉर्म हातात घेतला, लांब धरून नाव दोनदा वाचलं आणि नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. सरांना द्यायचाय, असं सांगावं लागलं.

२० डिसेंबर

नाशिकला गाणं चार मिनिटांचं लागतं. आपलं अडीच. दुसरं कडवं हवंय. सरांनी विचारलं तेव्हा माझा हात वर गेला. सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. मी हात केसांतून फिरवून खाली घेतला.

अक्कांना लिहिता फार येत नाही. कोणीतरी शेजारी बसून उतरवून घ्यायला हवं. कुंदाबाईंनी सगळ्यांच्या आधी स्वतःच्या सुनेचं नाव सुचवलं. सर लगेच हो म्हणाले. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

तरी आत्ता अक्कांना मेसेज लिहिलाय. त्यांची नात वाचून दाखवेल. नाहीच म्हणतील, त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. पण पाठवते:

अक्का, उद्या दुपारी तुमच्याकडे येऊ का? तुम्ही म्हणा, मी फक्त उतरवून घेते. एकही शब्द सुचवणार नाही.