टाकीवरचा रिपीटर आणि अठरा मिनिटे

मी, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त सुपरवायझर, वय एकोणऐंशी. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे फाडून टाकली आहेत.

१. घर भाच्याला. अट एकच: गच्चीवरच्या टाकीवरचा रिपीटर हलवायचा नाही. हौशी रेडिओवाल्यांचा क्षीण आवाज उचलून नदीपलीकडे पोचवणारे ते यंत्र आहे, कपडे वाळत घालायचा खांब नव्हे. "आत्या, आता मोबाइल आहेत ना!" अरे शहाण्या, पुरात सर्वांत आधी तेच मेले. खांबाला हात लावलास तर घर अनाथाश्रमाला.

२. स्टीलचे डबे वहिनीला. वीस वर्षे डोळा ठेवून होती, एकदाची सुटेल.

३. रिपीटर, दोन्ही बॅटऱ्या (एक फुगली आहे), हत्यारे आणि गच्चीची किल्ली रिपीटरची दुरुस्ती बघणाऱ्या घड्याळजीला. त्याच्याशी मी अकरा वर्षे बोललेली नाही. पुराच्या सकाळी तो वाळूची पोती रचत होता. कमरेच्या वॉकीटॉकीचे बटण पट्ट्याखाली दबून बसले. अठरा मिनिटे रिपीटरवर फक्त त्याची धाप. दुसऱ्या कोणाला बोलता येईना. नदीपलीकडे माझी धाकटी बहीण वॉकीटॉकी घेऊन छपरावर होती. तिची नोंदवही नंतर प्लास्टिकच्या पिशवीत सापडली. "१०.१२. हाक दिली. उत्तर नाही." अशा सात नोंदी. आठवी नाही.

चारचौघांत मी त्याला खुनी म्हटले.

आता खरे लिहिते. बटण अडकले तर तीन मिनिटांत बोलणे तोडणारा टायमर रिपीटरमध्ये होता. रविवारी मी रेडिओवर सगळ्यांची हजेरी घेते, तीत तो माझे वाक्य मध्येच तोडायचा, आणि वाक्य पुरे करावे हे कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पट्टीने शिकवले होते. पुराच्या दोन महिने आधी मी तो बंद करायला लावला. घड्याळजी म्हणाला, "बाई, राहू द्या, कधीतरी नडेल." मी म्हटले, "तुम्ही घड्याळे बघा." त्याने तो बंद केला, आणि मी खुनी म्हटल्यावरही माझे नाव कोणाजवळ काढले नाही.

४. टायमर अजून बंदच आहे. तो घड्याळजीने चालू करावा. दुसऱ्या कोणाला ते जमत नाही आणि मला जिना चढवत नाही. नदी चढायला सहा आठवडे आहेत. डॉक्टर मला चार देतात.

५. हजेरीला पूर्वी चाळीस जण असत. आता दोघेच. मी पुकारते, तो उत्तर देतो, मी वहीत "कोणी नाही" लिहिते. त्या सर्व नोंदी खोट्या आहेत.

सही करण्यापूर्वी जोडते: अकरा वर्षांत आज प्रथमच त्याची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचे नाव, पुकारली. तीनदा. उत्तर नाही. साक्षीदारांपैकी कोणीतरी त्याच्या दुकानात जा हो. डॉक्टर म्हणतात, "बाई, आधी सही करा." करते.

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही). २. समोरच्या शिंपीणबाई (सही करून घड्याळजीच्या दुकानाकडे गेल्या).

ठिकाण: टाकीखालची तळमजल्यावरची खोली, माइकपाशी.
दिनांक: तीन मे, रविवार.
१०.४०. चौथी हाक दिली.