देवरी नाल्याच्या करारातील नववे कलम

चि. ईशानीस,

अनेक आशीर्वाद.

मी, गुणवंत सदाशिव गुप्ते, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाणी थंड करणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा फायनान्स मॅनेजर आणि तुझा पिता, हे पत्र देवरी नाल्याच्या करारातील नवव्या कलमासंबंधी लिहीत आहे. ते कलम ज्या समजुतीवर घातले गेले, ती समजूत चुकीची होती. हे पत्र, तुला योग्य वाटल्यास, तुमच्या ट्रस्टच्या समितीपुढे ठेवावेस. म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही त्यात क्रमाने लिहिल्या आहेत.

मुलीला पत्र लिहिताना स्वतःची ओळख करून देणाऱ्या बापाचे तुला हसू येईल. पण परवापासून मी सुन्न आहे, आणि सवयीच्या चौकटीत बसल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही.

घरी सर्व ठीक. धाकट्या वेदांगचा अभ्यास चालू आहे; तुला काही निरोप आहे का विचारले, तर 'टेल हर हाय' म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या मॉलीने तुझी चौकशी केली. वसईहून तिने आणलेली सुकेळी तू न नेताच गेलीस, याचे तिला वाईट वाटले. आईची तब्येत बरी आहे. आईविषयी पुढे लिहितो.

आता समितीसाठी. हिमाचलातल्या देवरी नाल्याच्या काठची झाडे गेल्यामुळे आणि रस्त्याचा मलबा पात्रात टाकल्यामुळे पाणी उथळ झाले, उन्हात तापू लागले आणि गार पाण्यातच जगणारा ट्राउट मासा वरच्या टप्प्यात हटला. काठावर पुन्हा वाळुंजाची झाडे लावणे, मलबा काढणे, जुन्या बंधाऱ्याशेजारी माशांना चढता येईल अशा दगडी पायऱ्या बांधणे आणि गुरांना काठापासून दूर ठेवणे, असे हे तीन वर्षांचे काम. जमीन गावाची, देखरेख ट्रस्टची, परवानग्या सरकारी खात्याच्या, आणि खर्च आमच्या कंपनीचा: एक लाख वीस हजार दिरहम, म्हणजे आजच्या दराने सुमारे पंधरा लाख रुपये. प्रस्ताव मी मांडला असला, तरी तो मंजूर झाला तो कंपनीचे मालक अबू सालेम यांना कल्पना आवडली म्हणून. आपण आयुष्यभर पाणी विजेवर थंड केले, एकदा झाडांवर करून पाहू, असे ते म्हणाले. त्यांची एकच इच्छा होती. सही करण्यापूर्वी त्यांना तो मासा जिवंत पाहायचा होता.

म्हणून तू आणि तुझा सहकारी अंकुर नेगी मंगळवारी संध्याकाळी बोटभर लांबीचे मासे प्राणवायूच्या पिशव्यांतून घेऊन दिल्लीहून आलात. रात्रीपुरते ते आपल्या फ्लॅटमधल्या बाथटबमध्ये ठेवायचे ठरले. कंपनीचा लहान चिलर मी आधीच बसवून घेतला होता. पाणी ताजे राहावे म्हणून तू लाल नळाला क्लोरीन शोषणारी गाळणी लावलीस आणि बारीक धार सोडलीस.

लाल नळ का, हे हिमाचलातल्या मंडळींना कळणार नाही. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की निळ्या नळाला हात लावता येत नाही. त्यामुळे इथला प्रत्येक संसार मार्चमध्ये गीझर बंद करतो. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते. तिच्यातले पाणी निवते आणि ते लाल नळाने येते. वर्षातले आठ-नऊ महिने आम्ही लाल नळालाच गार नळ म्हणतो. नोव्हेंबरातही निळा नळ कोमट असतो. तेव्हा तू योग्य तेच केलेस. दोन्ही बाथरूमना मिळून गीझर एकच, म्हणून तू हॉलमध्ये येऊन बजावलेस की सकाळपर्यंत गीझरला कोणी हात लावायचा नाही.

हॉलमध्ये त्या वेळी मी होतो, अंकुर होता, वेदांग होता. तुझी आई स्वयंपाकघरात वड्या तळत होती.

जेवणाचा तो प्रसंग मला फार आवडला होता, हे इथेच लिहितो. मासा मूळचा तिकडचा का, असे मी अंकुरला विचारले. तो म्हणाला, नाही, इंग्रजांनी आणला, शंभर वर्षांपूर्वी. पाणी गार राहिले म्हणून राहिला. यावर तुझी आई म्हणाली, "बघा, माशालासुद्धा तिथलं म्हणून घेतलं. आपला व्हिसा दर तीन वर्षांनी." तू भाषांतर करून सांगितलेस तेव्हा अंकुर ठसका लागेपर्यंत हसला. त्याला तू घरी का उतरवलेस, कंपनीचे गेस्ट हाऊस मोकळे असताना, हे आम्ही दोघांनीही विचारले नाही. विचारायची गरज तुझ्या आईला वाटली नसावी. तिने दिवाळीच्या फराळातल्या चकल्या मला न देता डब्यात राखून ठेवल्या होत्या. मी अनुमान काढायला हवे होते.

सकाळी मी लवकर स्नान उरकले. पाणी नेहमीसारखे गार होते. टाय बांधत असताना पॅसेजमध्ये धावल्याचा आवाज आला. बाहेर आलो तेव्हा अंकुर माशांच्या बाथरूममध्ये होता, कमरेला टॉवेल, केस ओले, हात लाल नळावर. आरशावर वाफ धरली होती. पाठोपाठ तू आलीस. टबमध्ये काय होते ते लिहीत नाही. तू खाली बसलीस आणि विचारलेस, "गीझर कोणी लावला?" तू अंकुरच्या ओल्या केसांकडे पाहिलेस. मीही पाहिले. डोंगरातला मुलगा, गरम पाण्याची सवय, आदल्या रात्री सांगितलेले विसरला असेल, असा निष्कर्ष मी काढला आणि घड्याळ पाहिले. तुझी आई त्या वेळी घरात नव्हती. आपण रिकामी काचपेटी घेऊन निघालो.

ऑफिसात अबू सालेम दाराशी आले होते. त्यांनी पेटीत पाहिले आणि विचारले, "वेन समक?" मासे कुठे, हे सांगायला मी इंग्रजीत एक लांबलचक वाक्य जुळवू लागलो, एवढ्यात अंकुर हिंदीत म्हणाला, "मर गए, साहब. गीझर मैंने चलाया था." आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. जणू कोणी नाव विचारले होते.

अबू सालेम रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की पैसा देण्याचा शब्द कायम आहे. पण ज्याला एका रात्रीचे पाणी सांभाळता येत नाही, त्याला तीन वर्षांचे पाणी देणार नाही. सदर इसमाचा कामाशी कोणत्याही स्वरूपात संबंध राहणार नाही, असे कलम त्यांनी उच्चारले आणि मी ते नववे म्हणून टाइप करवून घेतले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी होकारार्थी मान हलवली. आणि तू म्हणालीस, "फाइन. ही विल बी ऑफ द साइट." मग सही केलीस.

ईशानी, अंकुर तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. बंधाऱ्याच्या पहिल्या पायऱ्या त्याने गावकऱ्यांना हाताशी धरून पैसे नसताना रचल्या, हे तूच मला उन्हाळ्यात फोनवर सांगितले होतेस. गाव त्याच्या शब्दावर गुरे आवरते, हेही. 'ऑफ द साइट'चे ते वाक्य बोलताना तू श्वास घ्यायलाही थांबली नाहीस. ते वाक्य माझ्या ओळखीचे होते; तशी मी ऑफिसात कितीतरी बोललो आहे. ते तुझ्या तोंडून ऐकेन असे मला कधी वाटले नव्हते. तेथून तुम्ही परस्पर विमानतळावर गेलात.

शुक्रवारी सुट्टी. बुधवारपासून मी लाल नळ टाळून निळ्यावरच भागवले होते. दुपारी जेवणाआधी मी हात धुवायला लाल नळ उघडला आणि हात भाजला. मी तुझ्या आईला विचारले की गीझर चालू कसा. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अगंबाई, बंद करायचा राहिलाच. बुधवारी पहाटे लावला होता. त्या मुलाला गार पाण्यानं कशी अंघोळ करायला लावायची? टॉवेल ठेवला, गीझर लावला आणि मॉलीकडे गेले बर्फ आणायला. म्हटलं, माशांना गाडीत लागेल."

मला तिच्याकडे पाहता येईना. तिला फक्त एवढेच सांगितले गेले होते की मासे प्रवासाने दगावले. मी नळ बंद केला, आणि मग, पर्यायच नसल्याने, तिला सर्व सांगितले: लाल नळाची धार, तुझी ताकीद, ऑफिस, नववे कलम. ती कणकेचे हात तसेच धरून स्टुलावर बसली. नंतर म्हणाली, "मला कोणी सांगितलं का नाही?"

चार पक्षांचा करार मी केला, प्रत्येक पक्षाला प्रत्येक कागदाची प्रत दिली. स्वयंपाकघर हॉलपासून सात-आठ पावलांवर आहे.

संध्याकाळी तिने स्वतः अंकुरच्या गावच्या पीसीओवर फोन लावला. मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होतो. तिचे हिंदी तुला माहीत आहे. तिने विचारले की तू खोटं का बोललास. तो आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला की शॉवर सुरू केला आणि पाणी गरम लागले, तेव्हाच तो उमगून धावला; टॉवेल कोणी ठेवला होता ते त्याला कळले होते. "आंटीजी, आपका नाम लेता क्या? आपने तो मेरे लिए गरम किया था." पुढे म्हणाला की हे ईशानीला सांगू नका, तिचे काम अडेल, ती स्वतःला दोष देईल, मी तर इथलाच आहे, नाला घराच्या खालूनच वाहतो, लांबून बघेन. तुझ्या आईने त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिने फक्त जेवलास का विचारले.

त्यानंतर ती फारशी बोललेली नाही. तब्येत बरी आहे असे वर लिहिले आहे. ते या अर्थाने वाचावेस.

काल शनिवारी ऑफिस उघडताच मी अबू सालेमना भेटलो आणि घडले ते जसेच्या तसे सांगितले. बायकोचे नाव मालकापुढे घेताना मला संकोच झाला, पण मुलगा ज्यासाठी गप्प राहिला ते मी झाकले असते, तर मग मी कोण ठरलो असतो? ते बराच वेळ मण्यांची माळ फिरवत राहिले. मग त्यांनी विचारले, तुझी मुलगी या मुलाशी लग्न करणार होती का. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणाले, "अट मी घातली, हबीबी, पण सही तिने केली. मी कलम खोडले तर ते उपकार होईल. तिने लिहून मागू दे. त्याच दिवशी खोडतो. खलास."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला ते पटले, याचाही मला धक्का बसला आहे.

आता वस्तुस्थिती अशी. पहिला हप्ता एक डिसेंबरला सुटेल. बँकेच्या पत्रावर माझी सही लागते, आणि नववे कलम असो वा नसो, मला ती करावी लागेल. तोवर कलम राहिले, तर काठावर झाडे लागतील, पायऱ्या पुऱ्या होतील, पाणीही कदाचित गार होईल, आणि अंकुरला आपल्याच गावच्या नाल्यात तीन वर्षे उतरता येणार नाही. हे त्याने पत्करले आहे. ते तुला न कळवता पत्करले, म्हणून मी त्याचे म्हणणे मोडून कळवीत आहे.

गीझर तुझ्या आईने पाहुण्यासाठी लावला नव्हता. पाहुण्यासाठी ती एवढ्या पहाटे उठत नाही. हे समितीला सांगण्याची गरज नाही; तो भाग तू गाळू शकतेस.

अबू सालेमना जायचे पत्र एका ओळीचे आहे. अंकुरला जे लिहायचे ते किती ओळींचे होईल, मला माहीत नाही. आजवर या घरातल्या प्रत्येकाच्या अर्जाचा मसुदा मी केला, तुझ्या नोकरीचासुद्धा. या दोन पत्रांचा केलेला नाही.

तुझा,
बाबा

गुणवंत सदाशिव गुप्ते
शारजा, १२ नोव्हेंबर २०००