पवळ्याचा वाटा

नंदुरबार. मंगळवार, पौष, शके १८५६

कसायाच्या दारातून आमच्या जीवदया मंडळाने सोडवलेला ढवळ्या बैल आता सावरला. खांद्यावरची जखमही भरली. मंडळ नसते तर तो आज नसता, हे खरेच. पण पांजरपोळात तो रोज अर्धाच चारा खातो, उजवीकडचा तसाच ठेवतो. भूक मंदावली असेल, असे मीच सगळ्यांना सांगत होतो.

आज त्याचा जुना मालक त्याला बघायला आला. चारा पाहून म्हणाला, "पवळ्याना वाटा शे तो. दोन्ही एकच गव्हाणमा खायेत. पवळ्या कोठे शे?"

कसायाच्या दारात जोडी उभी होती. जखम ढवळ्याला होती, म्हणून आम्ही त्यालाच सोडवले. धडधाकट पवळ्याची कुणाला दया आली नाही.

आत्ताही उजवीकडचा चारा तसाच आहे.